बारा किल्ले, एक प्रश्न आणि विकिपीडियाचा सातबारा

२०२५ च्या गणपतीत मावशीच्या सोसायटीत प्रश्नमंजूषा होती आणि प्रश्न काढायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. जुलैमध्येच युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले होते, त्यामुळे विषय शोधावा लागला नाही. अडलं ते दुसरीकडेच. तिचा फोन आला. "अगं, या बारांपैकी समुद्रात किती आहेत? विकिपीडियावर विचारलं तर युनेस्कोचं पान दाखवतंय, समुद्राचंही दाखवतंय, पण उत्तर काही देत नाही. बाराच्या बारा पानं उघडून वाचत बसू का मी?"

तिला तेच करावं लागलं. उत्तर विकिपीडियावर होतं, पण बारा तुकड्यांत. सिंधुदुर्गाच्या पानावर कुठेतरी "बेट" असा शब्द, सुवर्णदुर्गाच्या पानावर "समुद्रातील", साल्हेरच्या पानावर डोंगराची उंची. माणूस वाचतो आणि मनातल्या मनात यादी करतो. शोधपेटीला ते जमत नाही. का जमत नाही आणि जमवायचं तर काय करावं लागतं, हे समजून घेण्यासारखं आहे. हल्ली फोनला काहीही विचारलं की वरच एका ओळीत उत्तर येतं, त्यातल्या बऱ्याच उत्तरांच्या मागे हीच गोष्ट असते.

शोधपेटी वाचत नाही, जुळवते

जुन्या पाठ्यपुस्तकांच्या शेवटी शब्दसूची असायची. "कोयना – पृष्ठ १२, ४७, ८८." शोधयंत्राचा पाया तोच, फक्त सूची अवाढव्य. कुठला शब्द कुठल्या पानांवर आहे याची वही आधीच तयार असते. आपण शब्द दिला की यंत्र वहीतून पानं काढतं आणि त्यातली कुठली वर दाखवायची ते ठरवतं. शब्द शीर्षकात आहे का, किती वेळा आलाय, त्या पानाकडे किती दुवे येतात, असे हिशोब त्यात असतात. हिशोब हुशार असले तरी शेवटी अक्षराला अक्षर जुळवायचं.

मराठीत इथेच घोळ सुरू होतो. आपल्या शब्दाला विभक्ती लागते आणि ती लागण्याआधी शब्द आपला चेहरा बदलतो. शाळेत ज्याला सामान्यरूप म्हणायचो, ते. पन्हाळा म्हटलं तरी तिथे जाताना "पन्हाळ्यावर", पुणे म्हटलं तरी "पुण्यात", किल्ला म्हटलं तरी "किल्ल्याची". इंग्रजीत गावाचं नाव वाक्यात कुठेही ठेवा, ते तसंच राहतं. त्यामुळे "किल्ला" शोधणाऱ्याला "किल्ल्यांवरील" लिहिलेलं पान द्यायचं तर यंत्राला आधी थोडंसं मराठी व्याकरण शिकवावं लागतं.

त्याहून गमतीचा प्रकार "साताऱ्यातले" या शब्दात आहे. यातला "ऱ्या" संगणकात दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकीत ऱ हे वेगळं अक्षर असतं. दुसरीत साधा र, त्याचा पाय मोडलेला, आणि मागे एक अदृश्य सांधा. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. पण यंत्राने दोन्ही एकच समजावेत अशी मुद्दाम सोय केलेली नसेल, तर ते दोन वेगळे शब्द होतात. आपण "साताऱ्यातले किल्ले" असं अगदी शुद्ध टाइप करतो, काही सापडत नाही, आणि मराठीत माहितीच नाही अशी आपली समजूत होते.

शिवनेरी किल्ला की शिवनेरी बस?

अक्षरं जुळली तरी काम संपत नाही. "शिवनेरी" टाइप करणाऱ्याला जुन्नरजवळचा किल्ला हवाय की एसटीची वातानुकूलित बस? "सिंधुदुर्ग" म्हणजे मालवणच्या समुद्रातला किल्ला, की १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झालेला जिल्हा? जिल्ह्याला किल्ल्यावरूनच नाव दिलंय, त्यामुळे दोन्ही पानांवर दोन्ही अर्थांचा सुकाळ. "प्रतापगड" तर विचारूच नका. महाबळेश्वरजवळचा एक, गोंदिया जिल्ह्यातला एक, शिवाय उत्तर प्रदेश आणि राजस्थानातले जिल्हे, ज्यांना आपण कधी प्रतापगढ म्हणतो आणि कधी सरळ प्रतापगड.

माणसाला हा फरक संदर्भाने कळतो. यंत्राला कळायचा तर अक्षरांच्या पलीकडे जाऊन "ही कुठली वस्तू आहे" हे कुणीतरी आधी सांगून ठेवलेलं असावं लागतं.

सातबारा आणि आजोबांची गोष्ट

आमच्या गावाकडे एका शेताला "बिब्याचं" म्हणतात. तिथे आता बिब्याचं झाड नाही. माझ्या आईनेही ते पाहिलेलं नाही. आजोबांना त्या शेताबद्दल विचारलं की ते तासभर बोलायचे. विहीर कधी पाडली, वाटण्या कशा झाल्या, कुणाचं कुणाशी का बिनसलं. ऐकायला बहार यायची, पण त्यावर बँकेचं कर्ज मिळत नव्हतं. त्यासाठी सातबारा लागायचा. गट क्रमांक अमुक, क्षेत्र इतकं, भोगवटादार हे, पीक हे. एकेक गोष्ट आपापल्या रकान्यात. शेताला कुणी बिब्याचं म्हणो की मळ्याकडचं, गट क्रमांक एकच.

विकिपीडियावरचा लेख म्हणजे आजोबांची गोष्ट. सातबारा म्हणजे संरचित माहिती. संरचित म्हणजे इतकंच, की माहिती वाक्यांत विरघळलेली नाही. ती ठरलेल्या रकान्यांत, यंत्राला उचलता येईल अशी ठेवलेली आहे. एवढा एकच जड शब्द लक्षात ठेवा. पुढे मी त्याला नुसतं "नोंद" म्हणणार आहे.

विकिपीडियाचा हा सातबारा म्हणजे विकिडेटा. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये तो सुरू झाला. काम विकिमीडियाच्या, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या, जर्मन शाखेने बर्लिनमधून केलं. सुरुवातीला पैसा देणाऱ्यांत गूगलही होतं, आणि ते काही धर्मादाय म्हणून नसावं, असं मला वाटतं. आज तिथे अकरा कोटींहून जास्त नोंदी आहेत. प्रत्येकीला एक क्रमांक, आधी क्यू हे अक्षर. विश्व क्यू १, पृथ्वी क्यू २. मुंबई क्यू ११५६, महाराष्ट्र क्यू ११९१, मराठी भाषा क्यू १५७१.

सिंधुदुर्ग किल्ल्याची नोंद डोळ्यापुढे आणा. प्रकार: जलदुर्ग. कुठे: कुरटे बेट, मालवण. जिल्हा: सिंधुदुर्ग. देश: भारत. बांधकामाला सुरुवात: १६६४. वारसा दर्जा: जागतिक वारसा स्थळ. अक्षांश-रेखांश. फोटो. प्रत्येक ओळ म्हणजे कर्ता, नातं आणि कर्म असं छोटंसं वाक्यच. त्यात खरी गंमत "जिल्हा: सिंधुदुर्ग" या ओळीत आहे. तिथे सिंधुदुर्ग हा शब्द साठवलेला नसतो. जिल्ह्याच्या नोंदीचा क्रमांक असतो. किल्ल्याचा क्रमांक वेगळा, जिल्ह्याचा वेगळा. मघाचा सगळा घोळ त्या एका ओळीत मिटतो. तुम्ही शोधपेटीत "शिवनेरी" टाइप करता तेव्हा सुचवलेल्या नावाखाली बारीक अक्षरात "पुणे जिल्ह्यातील किल्ला" अशी ओळ दिसते ना, ती अशाच वर्णनाची.

शहराचं नाव बदललं तरी क्रमांक बदलत नाही. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. नोंदीतलं मुख्य नाव बदलायचं आणि जुनं नाव "इतर नावं" या रकान्यात ठेवायचं. मग जुन्या नावाने शोधा की नव्या, माणूस त्याच गावात पोचतो. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गावात कुणी म्हणत नाही, पण उतारा मिळतोच, तसं.

उलट्या प्रश्नाचं उत्तर

सातबारा बघितला की या गटाचा मालक कोण ते कळतं. पण या माणसाची गावात कुठकुठे जमीन आहे, हा प्रश्न उलटा आहे. त्यासाठी महसुलात आठ-अ चा उतारा असतो. माहिती तीच, फक्त दुसऱ्या टोकाकडून लावलेली. आजोबांच्या गोष्टीतून आठ-अ काढायचा म्हटलं तर गावातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना गाठून ऐकत बसावं लागेल.

मावशीचा प्रश्न असाच उलटा होता. "सिंधुदुर्ग कुठे आहे" हे तिला विचारायचंच नव्हतं. "वारसा दर्जा अमुक आहे आणि जे बेटावर आहेत, ते सगळे किल्ले दे" असं विचारायचं होतं. नोंदी नीट भरलेल्या असतील तर हा प्रश्न एका झटक्यात सुटतो. विकिडेटावर त्यासाठी २०१५ पासून प्रश्नसेवा आहे. प्रश्न स्पार्कल नावाच्या भाषेत लिहायचा, दोन रकान्यांच्या अटी घालायच्या, आणि यादी समोर येते. हवी तर नकाशावर टिंबांसकट.

यात आणखी एक गोष्ट साधते. "जलदुर्ग हा किल्ल्याचाच एक प्रकार" हेही एका नोंदीत लिहून ठेवलेलं असतं. त्यामुळे "महाराष्ट्रातले किल्ले, पोटप्रकारांसकट" असं विचारलं की गिरिदुर्ग, जलदुर्ग, भुईकोट सगळे येतात. पानावर "किल्ला" हा शब्द आहे की "गड" की "दुर्ग", याने काही बिघडत नाही. शब्दांच्या शोधात गड आणि किल्ला हे दोन परके शब्द असतात.

आता खरं सांगायचं तर विकिपीडियाची नेहमीची शोधपेटी आजही प्रामुख्याने शब्दच जुळवते. नोंदींचा उपयोग ती नावाखालच्या वर्णनासाठी, दुसऱ्या भाषेतल्या लेखाकडे नेण्यासाठी आणि चित्रांसाठी करते. मावशीसारखा थेट प्रश्न विचारायचा तर वेगळ्या जागी जाऊन वेगळी भाषा लिहावी लागते, आणि तिच्यासारख्या निवृत्त शिक्षिकेने स्पार्कल शिकावं ही अपेक्षा फार झाली. याला तांत्रिक कारणं आहेत. कोट्यवधी नोंदींतून आडवेतिडवे प्रश्न सोडवायला यंत्राला दम लागतो. प्रश्नसेवेत साठ सेकंदांत उत्तर आलं नाही तर प्रश्न सरळ तोडला जातो. भार इतका वाढला की २०२५ मध्ये शोधनिबंधांच्या नोंदी वेगळ्या काढून दुसऱ्या खोलीत ठेवाव्या लागल्या. कारणं समजतात, तरी इतकी मेहनत करून भरलेलं कोठार सामान्य वाचकाच्या हाताला लागत नाही, ही मला या सगळ्यातली सगळ्यात मोठी उणीव वाटते.

जिंजीचा फोटो मराठीत कसा सापडतो

बारापैकी अकरा किल्ले महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तमिळनाडूत, जिंजी. राजाराम महाराज रायगडाकडून निघून जिथे पोचले आणि जिथून त्यांनी १६९८ पर्यंत मोगलांना झुंजवलं, तो. आपण जिंजी म्हणतो. तमिळ माणूस सेंजी म्हणतो. इंग्रजांनी तिसरंच काही लिहून ठेवलं. तिथला एखादा हौशी छायाचित्रकार किल्ल्यावर चढतो, फोटो काढतो आणि विकिमीडिया कॉमन्सवर चढवतो. कॉमन्स म्हणजे विकिपीडियाचं फोटोंचं गोदाम. त्यात आज दहा कोटींहून जास्त फायली आहेत. तो फोटोचं नाव तमिळमध्ये देतो, फार तर इंग्रजीत. मराठी अक्षर एकही नाही. तुम्ही इकडे "जिंजी" टाइप करता. शब्दांच्या हिशोबाने तो फोटो तुम्हाला कधीच दिसायला नको.

ही अडचण सोडवायला २०१७ मध्ये विकिमीडियाला स्लोन फाउंडेशनकडून सुमारे ३० लाख डॉलर मिळाले. २०१९ पासून फोटोला "यात काय दिसतंय" असा रकाना जोडता येऊ लागला. त्या रकान्यातही शब्द लिहायचा नसतो, क्रमांक द्यायचा असतो. फोटोत जिंजीचा किल्ला दिसतोय, तर जिंजीच्या नोंदीचा क्रमांक. आता तुम्ही "जिंजी" टाइप केलं की कॉमन्सचा शोध आधी विकिडेटात जातो. या नावाची नोंद कुठली, ते बघतो. क्रमांक मिळाला की तो क्रमांक ज्या फोटोंना जोडलाय ते वर आणतो. तमिळ माणसाने सेंजी म्हणून लावलेला फोटो मराठी माणसाला जिंजी म्हणून मिळतो, आणि दोघांनाही एकमेकांची लिपी यायची गरज पडत नाही.

यात एक कच्ची कडी आहे, ती ओळखा. त्या नोंदीत "जिंजी" हे मराठी नाव कुणीतरी घातलेलं असायला हवं. ते नसेल तर वरची सगळी करामत फुकट. यावर पुढे बोलूच.

भाषांचा हा पूल विकिडेटाने सगळ्यात आधी बांधला. पूर्वी एकाच विषयावरच्या लेखांना "इतर भाषांत वाचा" हे दुवे प्रत्येक भाषेच्या प्रत्येक पानावर वेगवेगळे लिहावे लागत. पन्नास भाषांत लेख असेल तर पन्नास पानांवर प्रत्येकी एकोणपन्नास, म्हणजे २४५० दुवे. एका लेखाचं शीर्षक बदललं की बाकीच्या एकोणपन्नास पानांवर दुरुस्ती. हे काम सांगकामे, म्हणजे आपोआप चालणारे बॉट, करायचे, आणि छोट्या विकिपीडियांची "अलीकडील बदल" ही यादी त्यांच्याच हालचालींनी भरलेली असायची. २०१३ च्या मार्चपर्यंत सगळ्या विकिपीडियांचे हे दुवे विकिडेटाकडे गेले. आता एक नोंद आणि तिला जोडलेली पन्नास पानं. १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच क्रमांकांनी इंग्रजी, तमिळ, जपानी लेखांना बांधलेला आहे.

कुणीही बदलू शकतो, मग भरवसा कसा ठेवायचा?

रास्त शंका आहे. सातबाऱ्यावरही चुकीच्या नोंदी होतात, पण तिथे फेरफाराची वही असते. कोणी, कधी, कशाच्या आधारावर बदल केला ते दिसतं. विकिडेटातही प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो आणि प्रत्येक ओळीला आधार जोडता येतो. "जोडता येतो" असं म्हणतेय, "जोडलेला असतो" असं नाही. कितीतरी ओळी आज आधाराविना उभ्या आहेत.

शिवाय इथे चुकीचा फटका मोठा. एका लेखात कुणी खोडसाळपणा केला तर ते एकच पान बिघडतं. नोंदीत केला तर ती नोंद जिथे जिथे वापरली जाते तिथे तो पसरतो, आणि नोंदी कुणीही कुठल्याही अटीविना उचलू शकतो असा त्यांचा परवाना आहे. इंग्रजी विकिपीडियावाल्यांना याचीच धास्ती वाटली. शीर्षकाखालची छोटी वर्णनं विकिडेटातून येत होती. कुणी तिथे वात्रटपणा केला तर आमच्या पहारेकऱ्यांच्या नजरेला तो लवकर पडत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यावर बराच वाद झाला आणि ती वर्णनं त्यांनी आपल्याच पानावर लिहायला घेतली. मला ते चूक वाटत नाही. त्यांच्याकडे राखण करायला माणसं आहेत. मराठीसारख्या मोजक्या संपादकांच्या विकिपीडियाला हा थाट परवडणारा नाही. एका ठिकाणी नीट राखलेली नोंद आपल्याला जास्त सोयीची.

सगळं रकान्यात बसतं का?

नाही. मावशीच्या प्रश्नावरूनच बघा. बेटावरचे तीन किल्ले आहेत: खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग. मग विजयदुर्ग? तो बेटावर नाही, किनाऱ्याला चिकटून आहे, तीन बाजूंनी पाणी. "समुद्रात किती" याचं उत्तर तीन की चार? नोंदीत त्याचा प्रकार काय लिहायचा हे आधी कुणीतरी माणसाने ठरवावं लागतं. यंत्र ठरवत नाही. मावशीने शेवटी "बेटावर किती" असा प्रश्न बदलून घेतला, ते बरं केलं. नाहीतर मंडपात भांडण ठरलेलं होतं.

वादाच्या गोष्टींचं काय? शिवाजी महाराजांची जन्मतारीख घ्या. जुन्या परंपरेत १६२७ साल आणि पुढे पुरावे तपासून पुढे आलेली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. ही दुसरी तारीख राज्य सरकारने स्वीकारली आहे. एका रकान्यात एकच उत्तर असा हट्ट धरला असता तर इतिहासाचा चुथडा झाला असता. विकिडेटात एका रकान्यात दोन उत्तरं ठेवता येतात, प्रत्येकाला स्वतःचा आधार देता येतो आणि त्यातलं अधिक ग्राह्य कुठलं ते सांगता येतं. शोधणाऱ्याला आधी ग्राह्य उत्तर मिळतं, दुसरं पुसलं जात नाही. तारखेपुढे पंचांगासारखा आणखी एक उपरकाना असतो, तारीख कुठल्या दिनदर्शिकेची आहे हे सांगणारा. तो हवाच, कारण १९ फेब्रुवारी ही त्या काळच्या ज्युलियन दिनदर्शिकेतली तारीख आहे. आज आपण वापरतो त्या दिनदर्शिकेने तोच दिवस १ मार्चला येतो.

आणखी एक गाठ. लेख आणि वस्तू यांचं गणित दर वेळी एकास एक जुळत नाही. "चाफेकर बंधू" असा एकच लेख असतो, माणसं मात्र तीन: दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव. लेखाला एक क्रमांक दिला तर जन्मतारीख कुणाची लिहायची? मग तिघांच्या तीन नोंदी आणि "बंधू" या गटाची चौथी. एखाद्या भाषेत फक्त दामोदर चाफेकरांवर लेख असेल तर तो आपल्या "बंधू" लेखाला सरळ जोडता येत नाही, आणि वाचकाला वाटतं की दुसऱ्या भाषेत काहीच नाही. खांदेरीचंही तसंच. बेट वेगळं, किल्ला वेगळा, दीपगृह वेगळं, आणि बेटाचं सरकारी नाव कान्होजी आंग्रे बेट. एका ठिकाणच्या तीन वस्तू, तीन क्रमांक. पोटहिस्से पडलेल्या गटासारखंच प्रकरण आहे हे.

आणि "का" या प्रश्नाला रकानाच नाही. जिंजी मराठ्यांनी इतकी वर्षं कशी लढवली हे कुठल्याच नोंदीत मावणार नाही. त्यासाठी लेखच वाचायचा. नोंद तुम्हाला योग्य लेखाच्या दारात सोडते, तिचं काम तेवढंच.

आता एआय आहे की, मग हा खटाटोप कशाला?

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. एआयच्या गप्पांमागचं भाषेचं प्रारूप (लँग्वेज मॉडेल) तुमचा प्रश्न समजून घेण्यात पटाईत आहे. "साताऱ्यातले गड" म्हणा की "सातारा जिल्ह्यातील किल्ले", त्याला कळतं. पण बारा किल्ल्यांची यादी मागितली तर ते अकरा बरोबर आणि एक ठोकून देऊ शकतं, तितक्याच आत्मविश्वासाने. त्याला वर्णन छान येतं, मोजणीत ते गोंधळतं. नोंदींचं उलटं आहे. त्या बिनचूक मोजतात, पण प्रश्न त्यांच्या भाषेत विचारावा लागतो.

म्हणून आता दोघांची सोयरीक लावायचं चाललंय. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विकिमीडियाच्या जर्मन शाखेने विकिडेटातल्या नोंदी अर्थाच्या जवळिकीनुसार शोधता येतील अशी सेवा खुली केली. शब्द जुळला नाही तरी अर्थ जवळचा असलेली नोंद त्यात सापडते. म्हणजे प्रश्न समजून घ्यायचं काम प्रारूपाने करायचं आणि उत्तर नोंदीतून आणायचं, आधारासकट. गूगलने हेच सूत्र २०१२ मध्ये पकडलं होतं. त्यांचा ज्ञानालेख (नॉलेज ग्राफ) आला तेव्हा अक्षरांच्या माळा सोडून वस्तू शोधायच्या, हाच त्यांचा घोषा होता. शोधाच्या उजवीकडे दिसणारी माहितीची चौकट तिथूनच आली. फरक एवढाच, की गूगलच्या कोठारात आपल्याला हात घालता येत नाही.

मराठीत हे भरणार कोण?

आता ती कच्ची कडी. अकरा कोटी नोंदी म्हणजे अकरा कोटी मराठी नावं नव्हेत. नोंद सगळ्या जगाची असते, पण नाव प्रत्येक भाषेला स्वतःचं घालावं लागतं. ते नसेल तर मराठी वाचकाला इंग्रजी नाव दिसतं, नाहीतर नुसता क्रमांक. आणि मराठीत टाइप केलेला शब्द त्या नोंदीपर्यंत पोचतच नाही.

गावांच्या बाबतीत हे फार जाणवतं. इंग्रजी यादीतून गावांची नावं भराभर चढवली गेली. त्या यादीत ळ नाही, ण नाही, ठ नाही. रोमन अक्षरांवरून यंत्राने मराठी नाव बनवलं की फलटणचं फाल्टन होतं. एखाद्या कोळे नावाच्या गावाचं कोले होतं, आणि मग कोळे टाइप करणाऱ्याला आपलं गाव सापडत नाही. आमच्या आजोळच्या गावाचं नाव असंच दोन जागी दुखावलेलं होतं. ते दुरुस्त करायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

मला विचाराल तर मराठी विकिपीडियावर दोन ओळींचे शंभर लेख करण्यापेक्षा शंभर नोंदींना बरोबर मराठी नाव, एक ओळीचं वर्णन आणि दोन-चार पर्यायी लेखनं देणं जास्त उपयोगाचं आहे. दोन ओळींचा लेख वाचून कुणाचं पोट भरत नाही. नाव घातलं की मात्र शोध, फोटो, नकाशा आणि दुसऱ्या भाषेतला लेख, सगळ्यांची दारं एकदम उघडतात. विकिपीडियाच्या कुठल्याही लेखाच्या बाजूच्या यादीत विकिडेटाच्या नोंदीचा दुवा असतो. तिथे गेलं की सगळ्यात वर भाषांची चौकट दिसते: नाव, वर्णन, इतर नावं. मराठीची ओळ शोधायची, संपादन दाबायचं, भरायचं. स्पार्कल वगैरे काही लागत नाही.

"इतर नावं" या रकान्यात कंजुषी करू नका. नासिक आणि नाशिक, कराड आणि कऱ्हाड, पाठ्यपुस्तकातलं नाव आणि बोलीतलं नाव, सगळं तिथे चालतं. लेखाचं शीर्षक कुठलं असावं यावर विकिपीडियाच्या चर्चापानांवर वाद घालता घालता लोक म्हातारे होतात. इथे दोन्ही नावं शेजारी शेजारी बसतात.

मावशीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "मग ते खांदेरी आहे की खंदेरी, ते आधी सांग. माझ्या पुस्तकात खंदेरी आहे." मी म्हटलं, दोन्ही लिहितात. "मग दोन्ही घाल," ती म्हणाली, "आणि कान्होजी आंग्रे बेट?" ते बेटाच्या नोंदीत जाईल, किल्ल्याच्या नाही, असं मी सांगितलं. तिने थोडा विचार केला. "बरोबर आहे. दीपगृह पण वेगळंच ठेव." मग फोन चालू ठेवूनच आम्ही तिन्ही नोंदी एकेक करून उघडल्या.